दुसऱ्या पाण्यात उगवली

देऊ चांगोचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी काही बरं बोललो, तर ते माझ्या तोंडून किती कष्टाने निघालं ते तुम्हाला कळेल. मी बी.एस्सी., वर कॉम्प्युटरचा दीड वर्षाचा डिप्लोमा. तो चामटोलीच्या वरच्या वाडीतला, सातवीपर्यंत शिकलेला. अंबरनाथच्या आनंदनगरात रंग बनवणारी आमची कंपनी होती. तिथे मी कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख आणि तो रंगाचे ड्रम ढकलणारा हमाल. अशा माणसाचा हेवा करायला माणूस हलकाच असावा लागतो. तो मी होतो.

कंपनी कापडाचे रंग करायची. एकेका गिऱ्हाईकाची एकेक शेड, आणि प्रत्येक शेडचा फॉर्म्युला: कुठली पावडर किती, कुठल्या तापमानाला, किती वेळ. पूर्वी हे सगळं कार्डांवर असायचं. नव्वद साली कॉम्प्युटर आला, दोन वर्षं खपून आम्ही सगळी कार्डं त्यात घातली, आणि जागा अडते म्हणून कार्डं बॉयलरमध्ये जाळली. जाळायचा सल्ला माझाच होता. तेव्हापासून कंपनीचे साडेचार हजार फॉर्म्युले एका लोखंडी डब्यात होते, आणि त्या डब्याचा मी मालक होतो.

दर शनिवारी मी डब्यातल्या सगळ्याची नक्कल टेपवर काढायचो. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटपेक्षा थोडी मोठी, जाड वडी. ती यंत्रात घालायची, हुकूम टाइप करायचा, तासाभराने पडद्यावर ‘सक्सेसफुल’ असं इंग्रजीत यायचं. मग टेप कपाटात. कपाट त्याच खोलीत. त्र्याण्णव साली शेजारच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा आमचे वर्क्स मॅनेजर कमळाकर साहेब माझ्या खोलीत आले आणि त्यांनी विचारलं, ही खोली जळली तर टेप कुठे असतील. मी म्हटलं, कपाटात. त्यांनी नुसतं कपाटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देऊला माझ्यासमोर उभा केला. काळा, किडकिडीत, चाळिशीचा माणूस. तळपाय कायमचे निळे झालेले. सायकलने चामटोलीहून यायचा, कधी खाडा नाही, कधी दारू नाही. दर शनिवारी याने टेप पेटीत घालून घरी न्यायची आणि तिथली सर्वांत जुनी परत आणायची, असं ठरलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक निरोप्या मिळाला.

पहिल्याच महिन्यात त्याने मला विचारलं की सगळ्या टेपा त्याच्याच घरी का. निम्म्या तो वांगणीला बहिणीकडे ठेवणार होता. मी विचारलं, कशासाठी? तर त्यांच्या घरात बियाण्याचं भात कधी एका ठिकाणी ठेवत नाहीत म्हणे. त्याची आई बनूबाई निम्मं बी पेंढ्याच्या मुड्यात बांधून स्वतःच्या माळ्यावर ठेवायची आणि निम्मं लेकीच्या सासरी धाडायची. एक घर पेटलं, उंदीर लागले, तरी दुसरीकडे पेरण्यापुरतं राहतं. देऊचं सगळंच असं दोन-दोन असायचं. पेटीच्या किल्ल्या दोन. मी त्याला लिहून दिलेलं हुकमांचं कार्ड, त्याचीही त्याने हाताने दुसरी प्रत केली होती. मी त्यावर ऑफिसात बरीच करमणूक करून घेतली. कमळाकर साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, हे मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत करतात, आपल्याला हमालाने शिकवावं लागलं. ‘आपल्याला’ म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

हेव्याची सुरुवात तिथे झाली. पुढचं सगळं त्याच वेलीला लागलं.

थोड्या दिवसांनी देऊ दारात घुटमळत उभा राहिला. त्याला टेपेत खरंच काही आहे का ते बघायचं होतं. मी पडद्यावरचं ‘सक्सेसफुल’ दाखवलं. तो म्हणाला, “ते त्याचा तोच बोलतो ना, सायेब.” मग त्याने आईची रीत सांगितली. पेरणीच्या आधी मुड्यातलं मूठभर भात काढायचं, तेही वरचं नाही, हात घालून तळातलं. ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं आणि तीन-चार दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. तसं टेपेचं करता येईल का, एखादी चीज परत काढून बघता येईल का, असं त्याला विचारायचं होतं.

करता येत होतं. डिप्लोमात मला ते शिकवलंही होतं. मी कधी केलं नव्हतं, कारण वेळ जातो. त्याची जिरवायची म्हणून मी कपाटातली एक टेप यंत्रात घातली. देऊने फॉर्म्युल्यांच्या छापील यादीवर डोळे मिटून बोट ठेवलं. तो फॉर्म्युला टेपेवरून परत मागवला. यंत्र कुरकुरलं आणि थांबलं. टेप अर्धीच लिहिली गेली होती. ‘सक्सेसफुल’ येऊनसुद्धा.

दर शनिवारी एक टेप तपासायची, असा त्यानंतर नियम झाला. देऊने एक लांब बांधीव वही आणली. तारीख, टेपेचा नंबर, कुठला फॉर्म्युला काढून पाहिला आणि पुढे एकच शब्द: ‘उगवली’. अक्षर टपोरं, पाटीवर गिरवल्यासारखं. ‘रिस्टोर’ हा शब्द मी दोन वर्षं कंपनीत रुजवू पाहत होतो. तो कुणाच्या तोंडी बसला नाही. ‘उगवली’ मात्र महिन्याभरात सगळ्यांच्या जिभेवर. लॅबमधले केमिस्ट जिन्यात विचारायचे, “काय श्यामकांत साहेब, उगवली का?” कमळाकर साहेबांनी हेड ऑफिसला पाठवलेल्या इंग्रजी पत्रातही तो शब्द तसाच घातला. ते पत्र माझ्याच खोलीत टाइप झालं. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

घरीही सुटका नव्हती. पावसाळ्यात देऊ रानातली शेवळं आणायचा, सोबत काकडं, ती आंबट फळं, आठवणीने, म्हणजे भाजी घशाला खाजू नये. माझी बायको त्याला चहा द्यायची आणि तो गेल्यावर म्हणायची, किती व्यवस्थित माणूस आहे. मी शेवळं खायचं सोडून दिलं. मला ती फार आवडायची.

आता उल्हासनगरचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय. देऊच्या आईच्या रितीत आणखी एक गोष्ट होती. बी भिजवायला ती स्वतःच्या विहिरीचं पाणी घ्यायची नाही, दुसऱ्याच्या विहिरीचं आणायची. देऊने तेही इथे लावलं. आपल्या यंत्राने लिहिलेली टेप आपलंच यंत्र वाचतं, दुसरं वाचतं का? उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये होतचंद नावाचा एक सिंधी कारागीर होता. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर करायला लागला. त्याच्याकडे आमच्यासारखंच टेपेचं यंत्र होतं. देऊ दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सायकलवर टेप घेऊन त्याच्याकडे जायचा, एक फॉर्म्युला काढून बघायचा, तिथल्या तिथे पुसून टाकायला लावायचा आणि ती टेप वांगणीला ठेवून यायचा. वहीत लिहायचा: ‘कॅम्प चारला दुसऱ्या पाण्यात उगवली.’ होतचंद पैसे घ्यायचा नाही. “अरे, देऊ तो अपना आदमी है,” म्हणायचा. माझ्याकडून त्याने एका साध्या केबलचे दुप्पट घेतले होते.

पंचाण्णवच्या जूनमध्ये कमळाकर साहेबांनी मला बोलावून सांगितलं की दसऱ्यापासून देऊला ऑपरेटर करायचं. कायमचा. माझ्या खोलीत, माझ्या शेजारच्या टेबलावर. माझ्याही टेबलाला तेव्हा फिरती खुर्ची नव्हती. त्याच्यासाठी मागवली होती. मी ‘उत्तम’ म्हटलं आणि खोलीत येऊन दार लावून बसलो. मला दिसत होतं ते इतकंच: दोन वर्षांनी माझ्या जागी कोण असेल.

दहा जूनला मी देऊला सांगितलं की कॅम्प चारला टेप न्यायची नाही. कंपनीचे फॉर्म्युले उल्हासनगरच्या बाजारात फिरवणं धोक्याचं आहे, उद्या कुणी नक्कल केली तर जबाबदार कोण. कारण ऐकायला अगदी चोख होतं. खरं कारण मला माहीत होतं: त्याच्या वहीतला तो शब्द मला बघवत नव्हता.

त्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “मंग दुसऱ्या पान्यात कवा बघायची, सायेब?”

“गरज नाही,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला, आणि वही काढून काहीतरी लिहीत बसला.

सप्टेंबरच्या एका दुपारी आनंदनगरच्या लाइनचा न्यूट्रल गेला. दोनशे तीसच्या जागी चारशे व्होल्ट आत आले. पंखे किंचाळले, दिवे फुटले, आणि माझ्या खोलीतून जळका वास आला. कॉम्प्युटर गेला, आतली डिस्क गेली, टेपेचं यंत्र गेलं. मी घाबरलो नाही. टेपा होत्या. चार दिवसांत मुंबईहून नवा कॉम्प्युटर आला, नवं यंत्र आलं. मी ऐटीत गेल्या शनिवारची टेप घातली. यंत्राने वाचायला नकार दिला. त्याच्या आधीची घातली. तीही नाही. ऑगस्टच्या, जुलैच्या, जूनअखेरच्या, एकही नाही.

इंजिनिअरने जळलेलं यंत्र उघडून सांगितलं. त्यातलं लिहिणारं डोकं उन्हाळ्यानंतर कधीतरी केसभर सरकलं होतं. ते तिरकं लिहायचं आणि स्वतःचं तिरकं स्वतःच वाचायचं, म्हणून आमच्या शनिवारच्या तपासणीत टेप दरवेळी बरोबर यायची. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ते लिखाण वाचता येणार नव्हतं. महिन्यातून एकदा जरी दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली असती, तर जूनमध्येच कळलं असतं, असं तो सहज म्हणाला.

देऊने कुणाला न विचारता सायकल काढली आणि वांगणी गाठली. बहिणीच्या माळ्यावरून मेअखेरची टेप घेऊन आला. कॅम्प चारला पाहिलेली ती शेवटची टेप. मी ती घातली. सगळी लॅब दारात गोळा झालेली. अर्ध्या तासाने पडद्यावर फॉर्म्युले उतरायला लागले. कुणीतरी म्हणालं, उगवली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. खरं सांगतो, त्या क्षणी कंपनी वाचली याचा आनंद मला झाला नाही. टाळ्यांचा आवाज तेवढा कानात बसला.

पण मेनंतरचे एकशे बारा नवे फॉर्म्युले गेले ते गेले. लॅबने नमुन्याच्या चिंध्यांवरून दोन महिने रात्रंदिवस शेड जुळवल्या. दोन गिऱ्हाइकं तुटली. हेड ऑफिसने विचारलं, दर महिन्याला होणारी तपासणी मेनंतर बंद का झाली आणि कुणी केली. कमळाकर साहेबांनी मला देऊची वही आणायला सांगितली.

वही खोलीतच होती. मी एकटाच होतो. दहा जूनचं पान उघडलं. त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आजपासून कॅम्प चारला उगवण बघणे बंद. साहेबांनी सांगितले. कारण साहेबांना ठाऊक.’

मी ते पान फाडलं. बांधीव वहीचं एक पान काढलं की त्याचं जोडपान सुटतं, तेही काढलं. दोन्ही घडी करून बुशकोटाच्या खिशात घातली. मग वही घेऊन वर गेलो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

देऊला बोलावलं. कमळाकर साहेबांनी वही त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं की मेपर्यंत दर महिन्याला ‘दुसऱ्या पाण्यात उगवली’ आहे, पुढे नाही; का थांबलास? देऊने वही जवळ ओढली. पानं उलटली. दोन पानांच्या मधल्या खाचेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी रागाची तयारी करून बसलो होतो, त्याला उत्तर होतं माझ्याकडे.

“माजा चुकला, सायेब,” तो कमळाकर साहेबांना म्हणाला. एवढंच.

त्याला परत ड्रमवर पाठवलं. फिरती खुर्ची आली ती मी घेतली. टेपा पुढे बँकेच्या लॉकरमध्ये जायला लागल्या. आता हेवा संपायला हवा होता, नाही का? संपला नाही. केमिस्ट अजून ‘उगवली का’ असंच विचारायचे. देऊ गेटवर भेटला की मान लववून पुढे जायचा, निळ्या पायांनी. त्याला रात्री झोप लागत असणार, याची मला खात्री होती, आणि त्याचाही हेवा वाटायचा. एकदा पावसाळ्यात बायको म्हणाली, देऊ यंदाही शेवळं घेऊन आला नाही. मी म्हटलं, त्याला विचार. तिने विचारलं नसावं.

नव्व्याण्णव साली, दोन हजार उजाडताच जुने कॉम्प्युटर तारखा चुकतील, ही भीती सगळीकडे पसरली. जुनी यंत्रं काढा, जुन्या टेपा जमा करा, असा हुकूम आला. यादी जुळवताना सहा टेपा कमी भरल्या. त्याच सुमारास देऊने गुडघ्यांपायी नोकरी सोडली होती. मी चामटोलीला गेलो. तो अंगणात दोरी वळत बसला होता. त्याची बायको नवसी हिने पाणी आणून दिलं. टेपांचं विचारताच तो म्हणाला की त्या बहिणीकडे आहेत, कुणी मागितल्या नाहीत म्हणून तशाच ठेवल्या. कंपनीची चीज कंपनीला मिळायला हवी, मोजून घ्या आणि मिळाल्याची सही करा. उठताना मला वाटलं काहीतरी बोलावं. तो दोरी वळत होता. मी चपला घातल्या आणि निघालो.

वांगणीला देऊच्या बहिणीचं, चंद्रीचं घर शोधायला वेळ लागला नाही. देऊसारखीच किडकिडीत बाई. मी नाव सांगितलं तशी तिने शिडी लावली, माळ्यावरून पेंढ्यात बांधलेला मुडा खाली काढला आणि दोरी सोडली. पेंढा बाजूला केला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा टेपा, कोरड्या खणखणीत. टेपांच्या खाली एक लांब वही.

तशीच वही. तसंच टपोरं अक्षर. पहिल्या शनिवारपासून प्रत्येक ओळ, तारीख, नंबर, उगवली. घरी जाऊन दर शनिवारी उतरवलेली असणार. ज्याने हुकमांच्या कार्डाची दुसरी प्रत केली, किल्ल्या दोन केल्या, बी दोन घरांत ठेवलं, त्याने वही एकच ठेवली असेल असं मी चार वर्षं समजत होतो. मी हा कॉम्प्युटर शिकलेला माणूस.

मी दहा जूनवर आलो. ‘आजपासून कॅम्प चारला उगवण बघणे बंद. साहेबांनी सांगितले. कारण साहेबांना ठाऊक.’ पान जिथल्या तिथे होतं.

चार वर्षं माझी नोकरी या माळ्यावर पेंढ्यात पडून होती. कमळाकर साहेबांसमोर उभा होता, तेव्हा त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं: दुसरी वही आहे, उद्या आणतो. त्याचं टेबल, त्याची खुर्ची, सगळं त्या एका वाक्यात होतं. तो बोलला नाही. माझी दया आली म्हणून, का बोलून काय उपयोग म्हणून, मला माहीत नाही. इतका हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता. इतकी लाजही नाही.

“भरल्या का समद्या?” चंद्रीने विचारलं. “भाऊ बोलला, सायेबांची सही घे. मना काय वाचता येत नाय. कुठं करायची ती तुमीच बगा.”

शेवटच्या पानावर जागा होती, ती मी सोडली. मी खिशातून पेन काढलं आणि दहा जूनच्या ओळीखाली सही केली. पूर्ण नावाने, तारखेसकट. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली. मग टेपा माझ्या पिशवीत घातल्या आणि वही तिच्या हातात परत दिली.

“ही न्यायची नाय?” ती म्हणाली.

मी म्हटलं, ही भावाची आहे, जिथे होती तिथेच बांधून ठेवा. तिने वही पेंढ्यात घातली, दोरी करकचून आवळली आणि मुडा पुन्हा माळ्यावर चढवला. शिडी मी धरली होती.